बोटीवरचं नाव

पेणच्या रामवाडीत हायवेला लागून माझं ऑफिस आहे. पाटीवर टूर्स अँड ट्रॅव्हल्स लिहिलंय, पण खरं काम कागदपत्रांचं. आमच्या लोकांना फिरायची हौस दांडगी आणि कागदांच्या नावानं बोंब. साडीच्या दुकानाची पिशवी आणून माझ्या टेबलावर उपडी करतात. त्यात लाइटबिल, लग्नाची पत्रिका, कुत्रा चावल्याचे कागद, सगळं असतं. आधारकार्ड तेवढं घरी.

क्रूझला जाणाऱ्यांना तर मी पहिल्याच भेटीत दम देते. सहलीहून परत आल्यावरही पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा. पासपोर्टवर जे नाव तेच तिकिटावर, अक्षरन् अक्षर. व्हिसा लागत असेल तर छापून हातात. आणि पासपोर्ट म्हणजे पासपोर्ट, झेरॉक्स नव्हे. "मोबाइलमध्ये फोटो हाय ना!" म्हणणाऱ्यांना बंदरावरून रडत परत येताना मी पाहिलंय. बोट कुणासाठी थांबत नाही.

आणखी एक सांगून ठेवते. मी भुताखेतांना मानणारी बाई नव्हे. अमावास्येला मी गाड्या बुक करते, कारण त्या दिवशी स्वस्त मिळतात. एवढ्यावरून मला ओळखा, म्हणजे पुढचं ऐकून उगाच डोळे मोठे करणार नाही तुम्ही.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच पेण-रोह्याचा ग्रुप जमवला होता. मुंबईहून बोट सुटणार, श्रीलंकेला जाऊन परत मुंबईला येणार. ही बातमी रोह्यापर्यंत पोचली आणि एका सकाळी शांतीमावशी दारात उभी राहिली. माझ्या आईची धाकटी बहीण. मागे हैबतरावकाका, तिचे यजमान. काका कंपनीतून रिटायर झालेले. मावशी मात्र अजून शेतात राबणारी; भात निघालं की त्याच वाफ्यात वाल टाकायची. मूलबाळ नाही. लहानपणापासून तिचा सगळा लाड माझ्या वाट्याला आलेला.

खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "निशी, मला पण ने गो बोटीवर."

मला हसू आलं. "मावशी, तुला एस्टीत बसलं तरी मळमळतं."

"मळमळू दे. ओकारी काढीन, पण जाईन."

काका म्हणाले, "डोक्यात भरलंय तिच्या. म्हटलं, जाऊ या. जलमभर कुठं नेलं नाय तिला."

मी पिशवी उघडली. आधार, मतदानकार्ड, रेशनकार्ड, पासबुक. सगळ्यांवर एकच नाव: श्यामला हैबतराव. आणि तळाशी, घडीवर फाटत आलेला कासूच्या शाळेचा दाखला. त्यावर शांती विष्णू.

मला ही भानगड ठाऊक होती, पण कागदावर अशी समोरासमोर ठेवलेली कधी पाहिली नव्हती.

श्यामला ही काकांची पहिली बायको. खाडीकडच्या, मिठागरांच्या गावची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली. मग माझी मावशी त्या घरात दिली. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. काकांनी पुन्हा 'श्यामला'च लिहिलं. सासूचं म्हणणं, पहिलीचं नाव घरात राहिलं म्हणजे ती राग धरणार नाही. मावशीच्या गळ्यात सवतीचा टाक आला, म्हणजे तिच्या नावाची चांदीची प्रतिमा, बोटाच्या पेराएवढी. नवी साडी आणली की आधी टाकापुढे ठेवायची आणि मग नेसायची. नवं भांडं, नवे तांदूळ, वालाची पहिली शेंग, सगळ्याचा पहिला मान तिचा. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. दुसरेपणावर दिलेल्या बाईला ती पाळावीच लागते, आणि कुणी त्यात वावगं बघत नाही.

गंमत कागदांची झाली होती. पहिलीच्या मृत्यूचा दाखला कुणी काढलाच नव्हता. रेशनकार्डावर नाव होतंच, दुसरीचं नावही तेच, मग कमी कशाला करा? त्यावरच्या वयावरून मतदानकार्ड झालं आणि मतदानकार्डावरून आधार. म्हणजे सरकारदरबारी माझी मावशी नव्हतीच. तिथे होती ती वारलेली बाई, धडधाकट, मावशीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, दर निवडणुकीला मत देणारी.

मी कपाळावर हात मारला. "काका, कागदावर ही तुमची बायकोच नाही!"

"मग श्यामलाच ठेव की. हाय ते बरं हाय."

"जन्मतारीख दुसऱ्या बाईची आहे. खोट्या तारखेवर मी पासपोर्ट काढणार नाही. शाळेचा दाखला धरून सगळं सरळ करायचं. नाव शांती."

काकांनी रेशनकार्डाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरातलं नाव काढू नये."

"घरात हाक काय मारायची ती मारा हो. मी कागदाचं बोलत्ये."

मावशी इतका वेळ दाखल्यावरून बोट फिरवत होती. ती म्हणाली, "शांती लाव, निशी." आणि मग, काका पाणी प्यायला उठले तेव्हा, हळूच पुढे वाकून म्हणाली, "त्या बोटीवर आपल्याला नावानं हाक मारतात म्हणे. खोलीवाला पोरगा, जेवण वाढणारा, सगळे?"

"मारतात. नावं पाठच असतात त्यांना."

"तिथं मला कोण ओळखत नाय. तिथं मला शांती म्हणतील." तिचे डोळे भरले होते. "तुझी आई नि तू सोडून माझं नाव कोण घेत नाय गो. माझी आई गेल्यापासून मलाच कधीकधी ते दुसऱ्या कुणाचं वाटतं."

मी मनाशी ठरवलं. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, या बाईला मी तिच्या नावानिशी बोटीवर चढवणार.

नाव बदलायला आधी गॅझेट लागतं, आणि गॅझेटच्या अर्जाला फोटो. शेजारच्या गणपतीच्या कारखान्याच्या भिंतीला लागून धनेशचा स्टुडिओ आहे. मातीचा ओला वास तिथे बारा महिने भरलेला. धनेशनं फोटो काढला, कॉम्प्युटरवर उघडला आणि मला आत बोलावलं.

"ताई, गोंदण ठेवू की पुसू?"

"कसलं गोंदण?"

मावशीच्या हनुवटीवर हिरवट तीन ठिपके दिसत होते, पुसट. मी वळून बाहेर बाकावर बसलेल्या मावशीकडे पाहिलं. हनुवटी स्वच्छ. धनेशनं काच पुसली, पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच.

"लाइटीचं काहीतरी आहे," मी म्हटलं. "पूस ते."

परत येताना मी सहज मावशीला विचारलं, तू कधी गोंदवलं होतंस का गो? तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"मी नाय," ती म्हणाली. "सासू सांगायची, तिला होतं."

रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

गॅझेट झालं. आधार केंद्रावर निकेश बसतो, माझ्या ओळखीतला पोरगा. जुन्या नावावर मावशीचे ठसे पटकन लागले होते. नाव बदलून आलं आणि ठसे लागेनात. दहाही बोटं लावून झाली. डोळ्यांच्या यंत्रानंसुद्धा नाही म्हटलं.

"शेतातल्या बायकांचे ठसे झिजतात, ताई," निकेश म्हणाला.

"झिजले ते एका महिन्यात?"

त्यानं खांदे उडवले आणि नव्यानं ठसे घेतले. मीही विषय वाढवला नाही. सरकारी यंत्रांनी मला यापेक्षा मोठाले चमत्कार दाखवलेत.

मग पोलिसांची चौकशी. हवालदारानं मावशीच्या आळीत जाऊन विचारलं, इथं शांती हैबतराव कोण? आळीतल्यांनी सांगितलं, अशी बाई इथं राहत नाय. बिचाऱ्यांचं बरोबरच होतं, त्यांना ती श्यामला म्हणूनच ठाऊक. हवालदाराचा मला फोन आला, मी चार शब्द सुनावले, गॅझेटची प्रत पाठवली, काम झालं. पण मावशीला ते लागलं. फोनवर म्हणाली, "मी दारातच उभी होते निशी. शेजारीण माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, शांती म्हणून कोण नाय इथं."

"अगो, तिला काय माहीत!"

"व्हय," ती म्हणाली. "तिला काय माहीत."

पासपोर्ट पोस्टानं आला तेव्हा फोनवर ती एवढी हरखली की शब्द धड फुटेना. मी दुपारच्या गाडीनं रोह्याला गेले. पुढची कामं होती, व्हिसा, बोटीचं चेक-इन. कुंडलिकेच्या अंगाला त्यांचं घर आहे, नवीन बांधलेलं, फरशीचं. ओटीवर वाल वाळत घातले होते. काका कुठेतरी बाहेर गेले होते.

"दाखव बघू तुझं पुस्तक," मी म्हटलं.

"आत हाय. देवापाशी."

मी देवघरात गेले आणि माझा पारा चढला. पाटावर टाक ठेवला होता, त्याला हळदकुंकू वाहिलेलं, आणि त्याच्यापुढे नव्या साडीसारखा तो पासपोर्ट. वर एक फूल.

"हे काय, मावशी?"

"नवी वस्तू पयली तिची. मग माझी." तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. "इतकी वर्सं कधी चुकवलं नाय. सकाळी टपालवाल्याकडनं घेतलं ते सरळ इथं ठेवलं."

"अगो, ही काय साडी आहे? पासपोर्ट आहे तो! त्यावर तुझं नाव आहे, तुझा फोटो आहे. हा असा दुसरीला देतात?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. नवं ते आधी टाकापुढे, हे तिच्या हातांना पाठ झालेलं होतं. डोक्यापर्यंत ते गेलंच नव्हतं.

मी फूल झटकलं आणि पासपोर्ट उघडला. नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर. फोटोत हनुवटीवर तीन ठिपके, गडद हिरवे. हा फोटो पासपोर्टच्या ऑफिसात त्यांच्या कॅमेऱ्यानं काढलेला होता.

मी मान वर केली. खिडकीतून ऊन थेट मावशीच्या तोंडावर पडलं होतं. तिच्या हनुवटीवर, त्याच जागी, काहीतरी उमटायला लागलं होतं. आठवडाभरापूर्वीचा मार पिवळाहिरवा होत जातो ना, तसं.

"खाजतं तिथं," ती म्हणाली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मलम दिलंय." ती पाटाशेजारी खाली बसली. "निशी, तुला एक सांगू? परवा पाणी भरताना मला माझ्या आईचं तोंड आठवेना. लय वेळ उभी राह्यले. दुसरीच बाई डोळ्यापुढं यायची. मीठ लागलेले हात, खारवटलेले. ती मला लेकी म्हणायची. ती बाई मी जलमात बघितली नाय गो."

माझी आजी, मावशीची आई, गोरीपान, कासूच्या शाळेत पोरांना खाऊ शिजवून घालणारी. मी तिचं वर्णन करायला लागले. नाकात चमकी, एक दात पुढे, हसताना तोंडावर हात. मावशी लहान पोरीसारखी ऐकत होती आणि दर शब्दाला मान हलवत होती.

"आपण हे रद्द करू," मी म्हटलं. "बोट नको, काही नको. पेणला ये माझ्याकडे राहायला."

"नको!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "निशी, खरं सांग. बोटीवर ती येऊ शकल काय? तिचं तिकीट नाय ना?"

"नाही. तिकीट तुझं आहे. शांती नावाचं."

"बिगर कागदाचं कोणाला चढू देत नाय, तूच सांगतेस."

"मुळीच देत नाहीत."

"मग मला तेवढं बोटीपर्यंत ने. तिथनं पुढं मी माझी हाय." तिनं माझे दोन्ही हात धरले. "आणि तोवर रोज फोन कर. माझं नाव घे. नुसतं नाव घेतलंस तरी चालल."

मी रोज फोन करू लागले. ऑफिस उघडलं की पहिलं काम ते. "शांतीमावशी?" मी म्हणायचे. "ओ," ती म्हणायची आणि हसायची. मग आम्ही आजीबद्दल बोलायचो, कासूच्या घराबद्दल, तिच्या शाळेच्या मैत्रिणींबद्दल. पुढे पुढे मीच बोलायला लागले आणि ती नुसती हुं हुं करू लागली. मग "ओ" यायला वेळ लागू लागला. फोन उचललेला असायचा, तिचा श्वास ऐकू यायचा, मी दोनदा-तीनदा नाव घ्यायचे, आणि मग कुठूनतरी लांबून आल्यासारखं, "ओ."

निघायच्या आदल्या सकाळी मी नाव घेतलं, आणि पलीकडून साफ, मोकळ्या आवाजात उत्तर आलं.

"कोन पायजे?"

"मावशी, मी निशी."

"हां, हां. बोल," ती म्हणाली. मी पुष्कळ बोलले. तिनं एकदाही मला नावानं हाक मारली नाही.

मिनीबस रोह्याहून निघून, नागोठण्याची माणसं घेत पेणला आली. मी चढले. मावशी खिडकीशी बसली होती. नवी साडी, केसांत अबोली, गळ्यात टाक नव्हता. मला केवढं हायसं वाटलं! काका म्हणाले, "घरीच ठेवून आलो. तिनंच काढला."

"बरं केलंस, मावशी."

ती माझ्याकडे बघून हसली. हनुवटीवरचे तीन ठिपके आता हिरवेगार होते, जन्मापासूनचे असावेत असे. सगळ्या बसमध्ये ते मलाच दिसत होते की काय कोण जाणे. कुणी काही विचारलं नाही. तिला गाडी लागते म्हणून मी ओव्याची पुडी आणली होती. तिनं ती घेतली नाही. मुंबईपर्यंत ती टक लावून बाहेर बघत होती, आणि वाटेतल्या पुलावर तिनं नाक वर करून खाडीचा वास घेतला.

बंदराच्या हॉलमध्ये बाहेरच्या लोकांना अर्ध्यापर्यंतच सोडतात. मी माझ्या माणसांना रांगेत लावलं, प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट, तिकीट, व्हिसा आहे ना ते बघितलं. मावशीचा पासपोर्ट काकांकडे होता. मी दोरीच्या अलीकडे, खिडकीपासून चार हातांवर उभी राहिले. मला ते ऐकायचंच होतं. खिडकीतल्या माणसानं "शांती" म्हणायचं, मावशीनं "ओ" म्हणायचं, बस्स. जीव नुसता टांगणीला लागला होता.

काकांचं झालं. मावशी पुढे झाली.

खिडकीतल्या मुलीनं पासपोर्ट उघडला. फोटो बघितला, तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. गोड हसली.

"श्यामलाजी, वेलकम."

"हां," मावशी म्हणाली.

मी दोरीखालून आत घुसले. गार्ड ओरडला. मी काउंटरवरचा पासपोर्ट ओढून घेतला.

श्यामला. ठळक, छापील. जन्मतारीख चार-पाच वर्षं आधीची. मी शांती असा अर्ज भरला होता. हा पासपोर्ट मी माझ्या हातानं स्कॅन केला होता, तिकीट मी काढलं होतं. तिकिटावरही श्यामला होतं.

"हे चुकीचं आहे," मी म्हटलं. "हिचं नाव शांती आहे."

मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मॅडम, सगळं मॅच होतंय."

तिनं बोटं ठेवायच्या काचेकडे खूण केली. मावशीनं बोटं ठेवली. हिरवा दिवा लगेच लागला.

मी तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं. हलवलं.

"शांतीमावशी! शांतीमावशी, ओ दे गो!"

क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या डोळ्यांत कुणीतरी धावत पुढं आल्यासारखं झालं. ओठ 'ओ'साठी गोल झाले.

मग ते मिटले.

तिनं माझे हात हळूच खांद्यावरून उतरवले. तिचे तळवे खारवटलेले, खरखरीत होते. माझ्या तोंडाकडे तिनं नीट, मायेनं बघितलं, एखाद्या अनोळखी रडणाऱ्या पोरीकडं बघावं तसं.

"कोनाची गो तू?" तिनं विचारलं.

मग पासपोर्ट घेऊन ती आत गेली.

बोट ठरल्याप्रमाणे गेली आणि आली. ग्रुप खूश होता. लोक मला पेढे देऊन गेले. मी मावशीला फोन लावत राहिले. तो काका उचलायचे आणि म्हणायचे, शेतावर गेली, नदीवर गेली.

मग एकदा काका स्वतःच ऑफिसात आले. एकटे. बरे दिसत होते, कपडे इस्त्रीचे. चहा घेतला, बोटीवरच्या जेवणाची तारीफ केली आणि म्हणाले, "निशिगंधा, एक काम व्हतं. जुना मयताचा दाखला काढायचाय. तेव्हा राह्यला. आता वारसाच्या कामाला लागतोय."

मला बरं वाटलं. म्हटलं, निदान ही चूक तरी निस्तरेल. "पहिल्या बायकोचा ना? काढू की."

"हां. तिचाच."

मी पेन उघडलं. नाव ठाऊक असूनही सवयीनं विचारलं. "नाव?"

काका माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागले. "असं काय करतेस? तुझीच मावशी. शांती."

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले मला आठवत नाही. धनेश धावत आला. काका हात जोडून, "पोरी, पोरी," म्हणत उठून गेले. ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं मी खोटी माणसं टेबलापलीकडे बघत आले आहे, मला कळतं.

मी शटर अर्धं ओढलं आणि आईला फोन लावला. ती कासूला असते.

"आई, शांतीमावशी कुठे आहे?"

"कोण?"

"तुझी बहीण! शांती!"

मग आईचा आवाज आला, जपून, मी आजारी असल्यासारखा. "निशी, काय झालंय बाळा? शांतीला जाऊन किती वर्षं झाली."

"आई, ती आत्ता बोटीवर जाऊन आली. मी पासपोर्ट काढला तिचा."

"ती हैबतरावांची दुसरी. श्यामला. चांगली बाई आहे, आपल्या शांतीचा टाक घालते, सगळं करते बिचारी. तू काढलास तो तिचा पासपोर्ट." आई रडायला लागली होती. "शांती तापानं गेली गो. तू चौथीत होतीस. तू तिला सोडतच नव्हतीस. शेवटचं पाणीसुद्धा तूच पाजलंस, तुझ्या हातनंच घेईन म्हणाली. आठवत नाय तुला?"

मी सांगणार होते, नाही, साफ खोटं आहे हे. तोंड उघडलंसुद्धा.

पण मला आठवलं. रोह्याच्या जुन्या घरातली ओलसर खोली, पितळेची वाटी, माझ्या फ्रॉकचा निळा रंग. तिनं माझ्याकडे बघितलं होतं, आणि मी चमच्यानं पाणी घातलं, ते आत गेलंच नाही, तोंडाच्या कडेनं परत आलं, कोमट, आणि माझ्या मनगटावरून बाहीत ओघळलं.